गोळ्या मध्येच का सुटतात? सार्वजनिक आरोग्यातील सामाजिक-वर्तनशास्त्रीय पीएचडीची ओळख

बीपीची गोळी रोज घ्यायची असते, हे माहीत नसलेला बीपीचा रुग्ण आता क्वचितच भेटतो. तरीही चार महिन्यांनी तपासायला आलेल्या रुग्णाला विचारले की उत्तर येते, "बरं वाटत होतं, म्हणून बंद केली." टीबीचेही तसेच. औषध साधारण सहा महिन्यांचे असते. पण दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागू लागते, वजन वाढते आणि गोळ्या सुटतात.

अशा वेळी घरचे म्हणतात, निष्काळजीपणा. डॉक्टर म्हणतात, पेशंट ऐकत नाही. सरकारी अहवालात लिहिले जाते, जनजागृतीचा अभाव. या तिन्ही उत्तरांमागे एकच समजूत आहे : माणसाला नीट माहिती दिली की तो त्याप्रमाणे वागतो.

ही समजूत फारशी खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये या विषयावर एक मोठा अहवाल काढला. विकसित देशांतही दीर्घकाळच्या आजारांत सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात, असे त्यात नोंदवले आहे. तिथे शिक्षण आहे, विमा आहे, माहितीपत्रके आहेत. तरीही निम्मेच. मग कारण दुसरीकडे कुठेतरी शोधायला हवे.

ते कारण शोधणारी एक स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. तिला सार्वजनिक आरोग्यातील सामाजिक आणि वर्तनविषयक शास्त्रे म्हणतात. या विषयात पीएचडी करता येते. ती म्हणजे काय, त्यात कसले संशोधन होते आणि तुमच्या-आमच्या औषधोपचाराशी तिचा काय संबंध आहे, ते या लेखात पाहू.

हे शास्त्र नेमके काय पाहते?

वैद्यकशास्त्र विचारते : हा आजार कशामुळे झाला आणि कोणत्या औषधाने बरा होईल? साथरोगशास्त्र विचारते : हा आजार कोणाला, कुठे आणि किती प्रमाणात होतो? सामाजिक-वर्तनशास्त्र त्यापुढचा प्रश्न विचारते : आजार टाळण्याचा किंवा बरा करण्याचा उपाय उपलब्ध असूनही तो माणसापर्यंत का पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही वापरला का जात नाही?

मिशरीचे उदाहरण घ्या. मिशरीने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हे ती लावणाऱ्या बाईने अनेकदा ऐकलेले असते. तरी ती लावते. का? लहानपणी आईने दात घासायला दिली होती. ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही असे तिला वाटते. दाढ दुखली की तिनेच बरे वाटते. कामाच्या घाईत भूक मारायलाही ती उपयोगी पडते. दिवसभराच्या राबण्यात स्वतःसाठी मिळणारी ती दहा मिनिटे असतात. शिवाय ती स्वस्त असते आणि घरीही भाजून करता येते. "मिशरी वाईट असते" हे वाक्य यातल्या एकाही कारणाला हात लावत नाही. दाढेवर उपचार, बद्धकोष्ठतेवर उपाय आणि निकोटिनची सवय सोडवण्याची मदत मिळाली, तर काही फरक पडू शकतो.

म्हणून या शास्त्रात वर्तनाकडे एका माणसाचा हट्ट म्हणून पाहत नाहीत. पायऱ्या पाहतात : स्वतः माणूस, त्याचे घर, शेजार आणि जात-जमात, कामाची जागा, दवाखाना, बाजार, कायदा. प्रत्येक पायरीवर काहीतरी अडवते किंवा मदत करते. कुठली अडचण खरोखर मोठी आहे आणि कुठली हलवता येण्यासारखी आहे, हे शोधणे हे संशोधकाचे काम.

टीबीवरचे दोन जुने अभ्यास

या शास्त्राची ताकद समजून घ्यायला टीबीवरचे दोन अभ्यास पुरेसे आहेत.

पहिला अमेरिकेतला. १९५०च्या दशकात तिथे छातीचा एक्स-रे मोफत काढून देणाऱ्या गाड्या वस्त्यांमध्ये फिरत होत्या. तरीही पुष्कळ लोक त्या गाडीपर्यंत येत नव्हते. सरकारी आरोग्य खात्यातील गॉडफ्री हॉकबॉम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतल्या सुमारे १,२०० प्रौढांना त्याबद्दल विचारले. आपल्याला टीबी होऊ शकतो आणि तो लवकर कळण्यात फायदा आहे, या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी स्वतःहून एक्स-रे काढून घेतला होता. दोन्ही न मानणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. यातूनच 'आरोग्यविषयक समजुतींचे प्रारूप' पुढे आले. आजाराचा धोका मला किती वाटतो, तो मला किती गंभीर वाटतो, उपायाचा फायदा किती, अडचण किती, असा हिशेब माणूस मनात करत असतो, असे ते सांगते. या विषयाचा कोणताही विद्यार्थी हे प्रारूप सुरुवातीलाच शिकतो.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बंगळुरूमध्ये १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. देशासाठी टीबीचा कार्यक्रम कसा असावा, यावर तेव्हा विचार चालू होता. खेड्यातले लोक खोकल्याकडे दुर्लक्ष करतात, दवाखान्यात येत नाहीत, म्हणून एक्स-रेच्या गाड्या घेऊन आपणच त्यांना शोधत फिरायला हवे, असे अनेकांना वाटत होते. संस्थेतील डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांमध्ये जाऊन सर्वेक्षणात सापडलेल्या टीबीच्या रुग्णांशी बोलून पाहिले. त्यांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांना काय दिसले? बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. बऱ्याच जणांना काळजीही वाटत होती. आणि निम्म्याहून अधिक रुग्ण आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांची थुंकी तपासलीच गेली नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना घरी पाठवले होते.

म्हणजे ज्यांना आपण 'न येणारे' समजत होतो, ते दारात येऊन परत गेले होते. अडाणीपणा रुग्णाचा नव्हता, त्रुटी आरोग्यव्यवस्थेची होती. या निष्कर्षाने कार्यक्रमाची दिशा बदलायला मदत केली. गाड्या घेऊन घरोघर शोधण्याऐवजी, खोकला घेऊन साध्या सरकारी दवाखान्यात आलेल्या माणसाची थुंकी तिथेच तपासण्यावर राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर आला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, ही आज तुम्ही भिंतीवर वाचता ती सूचना याच विचाराच्या वाटेने आली आहे.

या दोन अभ्यासांतला फरक लक्षात घ्या. पहिला विचारतो, लोकांच्या मनात काय आहे? दुसरा विचारतो, लोकांच्या वाट्याला काय येते? चांगल्या पीएचडीत हे दोन्ही प्रश्न लागतात. फक्त पहिला विचारला तर सगळा दोष रुग्णाच्या माथी मारला जाण्याचा धोका असतो.

पोटात अन्न नसेल तर?

'सामाजिक' हा शब्द इथे का जोडलेला आहे, हे झारखंडमधल्या अलीकडच्या अभ्यासातून नीट कळते. टीबीच्या रुग्णाच्या घरातल्या इतरांना आजार होण्याचा धोका जास्त असतो, आणि कुपोषणामुळे तो आणखी वाढतो. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सगळ्या रुग्णांना दरमहा शिधा दिला. त्यातल्या एका गटात रुग्णासोबत राहणाऱ्या घरच्यांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते.

तांदूळ आणि डाळ हे काही टीबीचे औषध नाही. पण घरात ते असणे आणि नसणे यावर आजार ठरत होता.

सरकारची निक्षय पोषण योजना याच दिशेची आहे. २०१८ पासून टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. पैसे बँक खात्यात जमा होतात. इथे संशोधकाचे प्रश्न सुरू होतात. खाते कोणाच्या नावावर आहे? रुग्ण घरातली सून असेल तर पैसे काढायला कोण जाते? त्यातून आलेली अंडी आणि शेंगदाणे कोणाच्या ताटात पडतात? सगळ्यांचे झाल्यावर जेवणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचतात का? योजनेच्या कागदावर या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत. त्यासाठी घरात जाऊन बसावे लागते.

एक पीएचडी कशी उभी राहते?

समजा, एका विद्यार्थिनीने विषय निवडला : ऊसतोडीला जाणाऱ्या टीबीच्या रुग्णांचे उपचार का खंडित होतात? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामही साधारण सहा महिन्यांचा आणि टीबीचा उपचारही सहा महिन्यांचा. तिचे काम साधारण असे पुढे जाईल.

पहिले वर्ष वाचनाचे आणि अभ्यासक्रमाचे. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रातले सिद्धान्त, संशोधनाची नीती हे विषय शिकावे लागतात. या प्रश्नावर आधी कोणी काय काम केले आहे, हे शोधून त्यातली उरलेली जागा दाखवावी लागते. मग संशोधनाचा आराखडा तयार होतो आणि नैतिकता समितीपुढे जातो. समितीच्या परवानगीशिवाय एकाही रुग्णाला प्रश्न विचारता येत नाही.

त्यानंतर क्षेत्रकाम. साधारणपणे यात दोन प्रकारची माहिती गोळा करतात.

पहिली गुणात्मक, म्हणजे लोकांच्या शब्दांत मिळणारी. ती रुग्णांच्या, त्यांच्या जोडीदारांच्या, मुकादमाच्या, आशाताईंच्या आणि टीबी विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या लांब मुलाखती घेईल. कदाचित कोपीवर जाऊन काही दिवस राहील. तिथे तिला असे काही समजू शकेल जे दवाखान्यातल्या रजिस्टरात कधीच लिहिले जात नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक जण औषध आणायला गेला की त्या कोयत्याचा खाडा पडतो आणि दंडही कापला जाऊ शकतो. टीबी आहे हे कळले तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही भीती वेगळीच. नवीन मुलाखतींतून नवे काही कळेनासे झाले की संशोधक थांबतो.

दुसरी संख्यात्मक, म्हणजे मोजता येणारी. मुलाखतींतून कळलेली कारणे खरोखर किती जणांना लागू आहेत, हे शेकडो रुग्णांच्या सर्वेक्षणातून तपासतात. अंतर, खाडा, उचल, गोळ्यांचा त्रास, दारू, घरची साथ यांतल्या कशाचा उपचार सुटण्याशी किती संबंध आहे, ते संख्याशास्त्राने पाहतात. एकदोन हृदयद्रावक गोष्टींवरून धोरण ठरू नये, म्हणून ही पायरी गरजेची. आणि नुसत्या आकड्यांवरून माणूस कळत नाही, म्हणून आधीची.

शेवटी निष्कर्ष, प्रबंध आणि तोंडी परीक्षा. काही जण आणखी पुढे जातात. हंगामाला निघण्याआधीच गावात पुढच्या काही आठवड्यांचे औषध दिले आणि साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला रुग्णाची नोंद आधीच कळवली, तर फरक पडतो का, असा उपाय करून त्याची चाचणी घेतात.

या कामातला सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. लोक समोरच्याला आवडेल ते उत्तर देतात. पांढरा कोट घातलेल्या माणसाने "गोळ्या घेता ना?" असे विचारले तर "हो" हेच उत्तर येणार. म्हणून कोणता प्रश्न कोणी, कुठे बसून आणि कोणत्या शब्दांत विचारायचा, याचेही शिक्षण घ्यावे लागते. बाईला सासूसमोर विचारलेला प्रश्न वाया जातो.

ऐकून घेतल्याने काय बदलते?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजनापुरता होत असे. बायका बोलत नव्हत्या, याचा अर्थ त्यांना त्रास नव्हता असा नव्हता. त्यांना तसे कोणी विचारलेच नव्हते.

पुढे याच संस्थेने नवजात बाळांवर काम केले. आजारी बाळाला दवाखान्यात नेत नाहीत म्हणून आईबापांना दोष देण्याऐवजी गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच मार्ग धरला होता. खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या बनवले. आरोळे आणि बंग या दोन्ही जोडप्यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते. त्यांचे काम पीएचडीसाठी केलेले नव्हते. पण आज या विषयात पीएचडी करणाऱ्याला जे प्रश्न पडतात, तेच त्यांनी विचारले होते.

उलट, ऐकून न घेतल्याची किंमत काय असते, तेही आपल्या राज्याने पाहिले आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये बीडमधून आल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावर पांढरे जाणे, पाठ-पोट दुखणे, पाळीचा त्रास या तक्रारींवर बहुतेक वेळा साधे उपचार असतात. पण फडात शौचालय नाही, पाणी नाही, डोक्यावर मोळी, आजारपणाला सुट्टी नाही आणि वर कर्करोगाची भीती घातलेली. अशा परिस्थितीत शस्त्रक्रियाच सोपी वाटू लागते. याला 'बाईचा चुकीचा निर्णय' म्हणून विषय मिटवता येत नाही.

ही पीएचडी कोण करू शकते?

केवळ डॉक्टरांनीच करावी असा हा विषय नाही. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, संख्याशास्त्र, परिचर्या, दंतवैद्यक, आयुर्वेद अशा अनेक वाटांनी विद्यार्थी इकडे येतात. घरात कोणी विचार करत असेल तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

- विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीत साधारण ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतरही ७५ टक्के गुणांसह अर्ज करता येतो.
- अभ्यासाचा काळ किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे. क्षेत्रकामामुळे ३ वर्षांत क्वचितच पूर्ण होते.
- एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस झालेले बरेच जण आधी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतात. प्रवेशाचे नियम संस्थेनुसार बदलतात, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावेत.
- मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्र, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे अच्युत मेनन केंद्र ही या क्षेत्रातली जुनी नावे आहेत.
- नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे मिळते. शिष्यवृत्ती नसेल तर पाच-सहा वर्षांचा खर्च कसा भागणार, याचा आधीच विचार करा.

आणखी एक गोष्ट. पीएचडी झालेली व्यक्ती नावामागे 'डॉ.' लावते, पण या पदवीने रुग्ण तपासण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही.

संशोधक तुमच्या दारात आला तर

तुम्ही स्वतः पीएचडी करणार नसाल, पण कधी ना कधी प्रश्नावली घेऊन कोणी तुमच्या घरी येऊ शकते. तेव्हा तुमचे हक्क असे :

- अभ्यास कशाचा आहे, कोणत्या संस्थेचा आहे आणि किती वेळ लागेल, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत आधी सांगितले पाहिजे.
- तुमची संमती घेतली पाहिजे. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवले पाहिजे.
- नकार देता येतो. मध्येच थांबता येते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर टाळता येते. त्यामुळे तुमचे औषध, रेशन किंवा योजना बंद होत नाही.
- तुमचे नाव आणि आजार गुप्त ठेवला पाहिजे.
- नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे विचारता येते. ओटीपी, बँकेचा पासवर्ड किंवा पैसे मागणारा माणूस संशोधक नसतो.

हे सगळे ठीक असेल आणि तुम्हाला वेळ असेल, तर जरूर बोला. मात्र खरे बोला. "सगळं व्यवस्थित आहे" या उत्तराने पुढच्या रुग्णाचा काहीच फायदा होत नाही.

तुमच्या गोळ्या सुटत असतील तर

या संशोधनाचा उपयोग तुमच्या पुढच्या तपासणीच्या वेळीही होऊ शकतो. गोळ्या सुटल्या असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि कारणही सांगा. महाग पडतात, पित्त होते, रात्रपाळीमुळे वेळ जुळत नाही, सासरी माहीत नाही, कामावर सगळ्यांसमोर घ्यायची लाज वाटते, यातले कोणतेही कारण सांगण्यासारखे असते. स्वस्त जेनेरिक औषध, दिवसातून तीनऐवजी एकदा घ्यायची गोळी, घेण्याची वेगळी वेळ, असे बरेच काही बदलता येते. मात्र कारण कळलेच नाही आणि बीपी वाढलेलेच दिसले, तर डॉक्टर आणखी एक गोळी वाढवतात. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

टीबीचे औषध चालू असेल तर चार गोष्टी विशेष लक्षात ठेवा. लघवी केशरी-लालसर होते ती औषधाच्या रंगामुळे, घाबरून गोळ्या बंद करू नका. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे, नजर धूसर होणे यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कामासाठी दुसऱ्या गावी जाणार असाल तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात कळवा. तुमच्या निक्षय नोंदणीच्या आधारे उपचार दुसऱ्या ठिकाणी हलवता येतो, आणि १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. आणि बरे वाटू लागले म्हणजे जंतू संपले असे नसते. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो.

घरातल्या कोणाच्या गोळ्या सुटत असतील तर "का नाही घेतल्यास?" असे विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर ऐकण्याआधीच दोष ठरलेला असतो. "या आठवड्यात किती सुटल्या? कोणत्या दिवशी सुटतात?" असे विचारा. रविवारी सुटत असतील, पगाराआधीच्या आठवड्यात सुटत असतील किंवा पाहुणे आल्यावर सुटत असतील, तर त्या दिवसाचा उपाय दोघांना मिळून काढता येईल.